साक्षीदारांना मटणाचं जेवण

मुलीच्या सहाव्या वाढदिवसाला खर्च किती करायचा, यावरून आमच्या घरात दिवाळीपासून वाद चालू होता. वाढदिवस फेब्रुवारीत. नवऱ्याचं म्हणणं, घरीच केक कापू, बिल्डिंगमधली पोरं बोलवू, सामोसे आणू आणि फुगे फोडून झाले की सगळ्यांना आपापल्या घरी पाठवू. माणूस चुकीचं बोलत नव्हता. एरवी हेच मी त्याच्या आधी बोलले असते. मेथीच्या जुडीसाठी भाजीवालीशी हुज्जत घालणारी बाई मी, एका संध्याकाळसाठी पैसे उधळणाऱ्यांना मनातल्या मनात मूर्खात काढत आलेली. पण या खेपेला मला हॉल हवा होता. आणि तोही तोच हॉल.

"तोच म्हणजे कुठला?"

"अक्कांनी पोराचा वाढदिवस केला तो. माणसंबी तीच बोलवायची. एक कमी चालणार न्हाय."

नवऱ्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला. त्याला कळलं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, आणि तिच्या पोराच्या वाढदिवसाला काय झालं होतं ते त्यानंही पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि मान खाली घालून नूडल्स खाल्ल्या होत्या. तेही मी विसरलेले नाही.

थोरल्या दिरांचा बांधकामाच्या साहित्याचा धंदा आहे आणि तो जोरात चालतो. आदल्या जूनमध्ये त्यांनी पोराचा वाढदिवस राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये केला. फुग्यांची कमान, जादूगार, माइक घेऊन सगळ्यांना नाचवणारा अँकर, कशाचीही कमी नव्हती. कुरुंदवाडहून माझ्या आईलाही आवर्जून बोलावलं होतं. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत आईनं एकदाही औक्षणाचं ताट हातात घेतलं नव्हतं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ती आपणहून मागं राहायची. बारसं असो, वाढदिवस असो, ओवाळायची वेळ आली की ही स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळत बसायची. मला ते डाचायचं, पण तिच्यापुढं माझं काही चालायचं नाही.

त्या दिवशी अँकर म्हणाला, "आता घरातल्या सगळ्या आया, आज्या, काकू, आत्या, औक्षणाला स्टेजवर या!" त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? पण आज्या म्हणाला ना तो. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं आणि आई उठली. मी तिच्या शेजारीच बसले होते. तिनं पदर खांद्यावरून पुढं घेतला, पोराच्या हातावर ठेवायची नोट मुठीत धरली आणि लगबगीनं स्टेजच्या पायऱ्या चढली. तेव्हाचा तिचा चेहरा मी बघितलाय, म्हणून पुढचं मला माफ करता येत नाही.

जाऊ निरांजन लावत होती. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते. इथं करणार नाही. तिनं आईकडं बघितलं आणि म्हणाली, "मावशी, तुमी बसा की खाली. पाच सुवासिनी झाल्यात."

अँकरचा माइक तिच्या तोंडापाशीच होता. अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. कोडोलीची मावळण म्हणजे नवऱ्याची आत्या, सासरची सगळी भावकी, दिरांचे धंद्यातले लोक, शाळेतल्या पोरांच्या आया, सगळ्यांना. आई "व्हय, व्हय" म्हणाली. हसलीसुद्धा. आली तशी उतरली, त्या स्टेजला कठडा नव्हता म्हणून जरा तिरकी होऊन, जपून. जेवताना तिनं गुलाबजामचं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं कुरुंदवाडला गेली.

त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. पण त्यानंतर ती कुठल्याच कार्याला गेली नाही. भाचीच्या डोहाळजेवणाला म्हणाली, गुडघा दुखतोय. गल्लीतल्या घरभरणीला गुडघा. सख्ख्या भावाच्या एकसष्टीलाही गुडघा. तिच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. रोज सकाळी ती नदीकडं फिरून येत होती. माणसांत मिसळायला हपापलेली माझी आई हळूहळू घराच्या उंबऱ्याआड चालली होती, आणि इकडं माझी जाऊ मजेत नव्या पडद्यांचे फोटो स्टेटसला लावत होती.

तर खर्चाचं. वाढदिवसाला किती खर्च करावा याचं उत्तर लोक आपापल्या ऐपतीवरून देतात, कुणी पोराच्या हौसेवरून. माझं उत्तर सरळ होतं. अपमान जेवढ्या माणसांसमोर झाला, तेवढ्या माणसांना पुन्हा जमवायला जेवढा लागेल तेवढा. मला केक नको होता, फुगे नको होते, मला साक्षीदार हवे होते. त्याच हॉलमध्ये, त्याच स्टेजवर, त्याच माइकवरून आईचं नाव पुकारलं जायला हवं होतं. पाच सुवासिनी नाहीत, एकही सुवासिनी नाही. एकटी माझी आई माझ्या लेकीला ओवाळणार, आणि थोरली जाऊ खाली खुर्चीत बसून ते बघणार. रात्री अंथरुणावर पडलं की मी तिचा तो खुर्चीतला चेहरा बघायचे आणि मला गाढ झोप लागायची.

पैशासाठी मी भिशी उचलली. नवऱ्याला त्यातून गाडी बदलायची होती. "अगं, गाडीचं क्लच गेलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "चालत जावा. तब्येतीला बरं असतंय." त्यानं पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही.

जावेनं पावभाजी आणि नूडल्सवर भागवलं होतं. मी मटण ठरवलं. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं. श्रीमंती दाखवायला नव्हे. कोल्हापुरात पावभाजीला माणूस "बघतो, जमलं तर येतो" म्हणतो, मटणाला आधी येऊन बसतो. माझा एकही साक्षीदार गैरहजर राहायला नको होता. वाढदिवस खरं तर गुरुवारी येत होता. गुरुवारी निम्मी भावकी मटणाला शिवत नाही, म्हणून मी तो उचलून रविवारी नेला, आणि त्या रविवारी संकष्टी, एकादशी असलं काही नाही ना, हे कॅलेंडरात तीनदा बघून घेतलं. लेक म्हणाली, "पण माझा हॅपी बर्थडे गुरुवारी हाय ना?" तिला गुरुवारी शिरा करून दिला आणि गप्प केलं.

इथवर सगळं व्यवस्थित होतं. मग मी डिजिटल लावला.

आमच्याकडं वाढदिवसाचा डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक, लावल्याशिवाय वाढदिवस झाल्यासारखा वाटत नाही. चौकाचौकात गॉगल घातलेली पोरं आणि खाली शुभेच्छुकांची रांग. आजवर मी त्या फलकांना नाकं मुरडत आले होते. पण डोक्यात सूड शिरला की माणसाची आवडनिवडसुद्धा बदलते. जावेच्या बंगल्याच्या गल्लीच्या तोंडावर, तिला गाडी बाहेर काढताना दिसलाच पाहिजे अशा जागी, रीतसर परवानगी घेऊन मी डिजिटल उभा केला. त्यावर लेकीचा फोटो बेताचा आणि आईचा फोटो भलामोठा, हसरा, इरकलीतला. वर अक्षरं, 'लाडक्या नातीला आजीचे शुभाशीर्वाद'. खाली मोठ्या ठशात, 'आजीच्या हस्ते औक्षण', वार, वेळ आणि हॉलचा पत्ता.

नवरा तो बघून आला आणि म्हणाला, "वाढदिवस नक्की कुणाचा हाय? चौकातला पानवाला इचारत होता, आजीबाई कुठल्या वॉर्डातनं उभ्या राहिल्यात?"

मी खूश होते. जाऊ रोज त्या फलकाखालून जात होती, आणि जळत असणार, अशी माझी खात्री होती. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "डिजिटल बघितला गं. झकास झालाय. काय मदत लागली तर सांग." आवाज लोण्यासारखा. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण जिंकल्याचा कैफ वाईट. मी म्हटलं, "मदत कशाला अक्का, तुमी फक्त या. पुढच्या खुर्च्या ठेवल्यात तुमच्यासाठी."

आईला मात्र मी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गुडघा पुन्हा दुखला असता. लेकीला फोनवर बसवलं आणि तिच्याकडून "आजी, ये की, ये की" असं वदवून घेतलं. नातीपुढं तिचा गुडघा चालला नाही. ती शनिवारी आली, येताना कुरुंदवाडची बासुंदी घेऊन. तिच्यासाठी आणलेली नवी इरकल मी दाखवली, तर म्हणाली, "एवढी भारी कशाला गं मला?" मी म्हटलं, "नेस गप."

रविवारी हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या. आदल्या जूनमध्ये जे जे होते ते ते झाडून आले होते. मी दारात उभी राहून एकेक तोंड ओळखून घेत होते आणि वाकून नमस्कार करताना मनात म्हणत होते, या, नीट बघायला या. जाऊ आली, हिरवी पैठणी, नाकात नथ. मी तिला हाताला धरून दुसऱ्या रांगेत मधोमध नेऊन बसवलं, तिथून स्टेज स्वच्छ दिसत होतं. आई पहिल्या रांगेत. लेक डोक्यावर मुकुट घालून केकपाशी उभी, भुकेनं कावलेली.

अँकर तोच होता. त्याला मी चार वेळा पढवलं होतं. त्यानं ढँटॅढँ वाजवून घेतलं आणि म्हणाला, "आता औक्षण! आणि आजचं औक्षण करणार आहेत, फक्त आणि फक्त, आपल्या लाडक्या आजी! आजी, स्टेजवर या!"

मी स्टेजवर ताट घेऊन उभी होते. निरांजन, अक्षता, सुपारी, माझी अंगठी. सगळा हॉल आईकडं बघू लागला. आई जागची हलली नाही.

तिला ऐकू आलं नसेल म्हणून अँकरनं पुन्हा पुकारलं. पोरांनी "आजी! आजी!" असा गलका केला. आईनं मान हलवली. नको. मी ताट घेऊन खाली उतरले, तिच्यापाशी वाकले.

"आई, ऊठ की."

"नगं गं. पोरीचा चांगला दिवस हाय."

"म्हणून तर म्हणतेय. ऊठ."

"मला न्हाय जमायचं. दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"आई, सगळी बघाय लागल्यात."

"म्हनून तर न्हाय," ती म्हणाली, आणि तिनं इरकलीचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

मागं जेवणाच्या बाजूला पातेल्याचं झाकण कुणीतरी ठेवलं, त्याचा आवाज आला. तीच माणसं, तोच हॉल, आणि माझी आई पुन्हा एकदा सगळ्यांसमोर खाली बसलेली. या वेळी पैसे मी भरले होते. मला वाटलं, ताट तिथंच टाकावं आणि सगळ्यांना घरी जा म्हणून ओरडावं.

तेवढ्यात मागच्या खुर्चीचा आवाज झाला आणि पैठणीची सळसळ. जाऊ उठून पुढं आली होती. तिनं माझ्या हातातलं ताट घेतलं, अगदी सहज, जणू मी ते तिच्यासाठीच धरून उभी होते. आईच्या हातात दिलं आणि तिच्या कोपराखाली आपला हात घातला.

"चला मावशी," ती म्हणाली. खणखणीत. तिला माइक लागत नाही. "पोरगी कवाची ताटकळलीया. तुमच्याबिगर कोण ओवाळणार तिला?"

आणि आई उठली.

मी सांगितलेलं नाकारून बसलेली बाई, जावेच्या एका हाकेला उठली. दोघी पायऱ्या चढल्या. जावेनं ताटाला खालून आधार दिला. आईनं लेकीला कुंकू लावलं, अंगठी-सुपारीनं ओवाळलं, निरांजन ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. लेकीनं वाकून पाया पडायच्या आत केकवरची चेरी उचलून तोंडात टाकली आणि सगळा हॉल हसला. फोटोवाला उड्या मारत फोटो काढत होता. मी खालीच उभी होते, रिकाम्या हातांनी.

मग अँकर बोलला. मी पैसे दिलेला, मी चार वेळा पढवलेला अँकर. "अशी मोठ्या मनाची थोरली काकू प्रत्येक घरात पाहिजे! काकूंसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या थांबता थांबेनात. कोडोलीच्या मावळणीनं तर डोळे पुसले. जेवताना पंगतीपंगतीला तेच चाललं होतं. "थोरली ती थोरलीच." "मन लागतंय त्याला." "केवढा मान दिला बघा विहिणीला!" माझं मटण खात होते आणि तिचं कौतुक करत होते. नवरा पांढऱ्या रश्श्याची वाटी घेऊन आला आणि म्हणाला, "बघ, वैनींचं मन कसलं हाय. तू उगंच त्यांच्यावर राग धरून हुतीस." त्या वाटीचं मी काय करणार होते ते त्याला कळलं असावं, कारण तो लगेच दुसरीकडं गेला.

जावेची आणि माझी गाठ हात धुवायच्या जागी पडली. आजूबाजूला कुणी नव्हतं. तिनं सावकाश साबण लावला, आरशात नथ सारखी केली.

"डिजिटलवर मावशींचा फोटो लई मोठा लावलातास गं."

"लांबनं दिसावा म्हणून."

"दिसला की," ती म्हणाली. हसली आणि पैठणीच्या निऱ्या सावरत निघून गेली.

तेव्हा मला उलगडा झाला. आठवडाभर ती त्या फलकाखालून जात होती, आणि मी काय करणार आहे ते सगळं मीच तिला मोठ्या अक्षरांत, वार-वेळ-पत्त्यासकट वाचायला दिलं होतं. ती जळत नव्हती. ती विचार करत होती. आई उठली असती तरी ती पुढं येणारच होती, काही ना काही कारण काढून, याबद्दल माझ्या मनात आज तिळमात्र शंका नाही. माफी तिनं मागितली नाही. मागायची वेळच येऊ दिली नाही.

सोमवारी सकाळी आईला एसटीला सोडायला गेले. गाडी लागायची होती. आई बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत होती, शेजारच्या बाईला नातीच्या वाढदिवसाचं सांगत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला अशी ऐकत होते. "माझ्या लेकीच्या जावेनं हात धरून नेलं मला," असं ती त्या अनोळखी बाईला म्हणाली, आणि माझा तोल गेला.

"आई, तिनं लोकांना दाखवायला केलं ते. एवढंबी कळत न्हाय तुला?"

"कळतंय की," आई म्हणाली. "दाखवायलाच केलं तिनं. मन न्हवतं तिचं त्यात."

"मग उठलीस कशाला? मी एवढी काकुळतीला आले, तवा न्हाय उठलीस."

आई माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तू माझी लेक हाईस. तू मला उठवणारच. तुझ्या सांगण्यानं उठले असते, तर लोक म्हनले असते, लेकीनं हौस केली आईची. मला तिनं बसवलं हुतं, सगळ्यांदेखत. मग तिनंच उठवाय पायजे हुतं. कशासाठी का उठवंना. त्या बायांनी बघितलं न्हवं? मिटलं माझं."

दिवाळीपासून मी ज्यासाठी जीव टाकला होता ते सगळं झालं होतं. तीच माणसं जमली होती, त्याच स्टेजवर आईनं ताट धरलं होतं, आता ती पुन्हा कार्याला जाईल, माणसांत बसेल. फक्त ते करून दिलं होतं माझ्या जावेनं, आणि तेही फुकटात. आईच्या चेहऱ्यावरचा तो उजळपणा बघून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. आणि त्या आनंदासाठी मला तिचे उपकार मानावे लागणार, या विचारानं माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

गाडी लागली. आईला खिडकीची जागा मिळाली. तिनं गजातून हात बाहेर काढून माझा गाल कुरवाळला.

"जूनला तिच्या पोराचा वाढदिस हाय न्हवं? मला आत्ताच सांगून ठेवलंय तिनं, ओवाळाय तुमीच यायचं म्हनून. म्या यनार हाय. तू बी सोड आता सगळं. मनात काय ठेवू नकोस. न्हाय न्हवं ठेवणार?"

"न्हाय ठेवत," मी म्हटलं.

आईशी इतकं धडधडीत खोटं मी जन्मात कधी बोलले नव्हते.